घोडा, बंदूक आणि आमचे हसू

आमच्यासारख्या कारकुनाने, तेही चळवळीत वावरणाऱ्या माणसाने, गोऱ्या लोकांच्या घोड्या-बंदुकीच्या विनोदी चित्रपटांवर लिहावे हे काही जणांना विचित्र वाटेल. आमच्या वस्तीतल्या एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तर आम्हांला तोंडावर विचारले, "अहो, समाजापुढे प्रश्न काय आणि तुम्ही लिहिताय काय?" त्यांचा रुसवा आम्हांला मान्य आहे. पण या सिनेमांचे आमच्या घराशी जे नाते आहे ते वाचल्यावर त्यांचेही मत बदलेल, अशी आशा आहे.

आमचे वडील, ज्यांना आम्ही आण्णा म्हणतो, ते मूळचे पैठण तालुक्यातले. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली. पुढे गावात पोट भरेना म्हणून ते शहरात आले. तेव्हा या शहराचे नाव औरंगाबाद होते. २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगर झाले. इकडेतिकडे हमाली केल्यावर आण्णांना एका टॉकीजमध्ये डोअरकीपरची नोकरी लागली. हातात बॅटरी, खिशात फाडलेल्या तिकिटांचे अर्धे तुकडे आणि पायांत रबरी चप्पल, असे त्यांचे रूप आम्हांला अजून आठवते.

१९८७-८८ चा सुमार असेल. आम्ही तेव्हा चौथी-पाचवीत होतो. रविवारी सकाळच्या खेळाला इंग्रजी सिनेमा लागे आणि त्याचे तिकीट स्वस्त असे. आण्णा आम्हांला दाराजवळच्या आपल्या स्टुलावर बसवीत आणि बजावीत, "मॅनेजर आला की पायरीवर सरक." पब्लिक म्हणजे रिक्षावाले, मोंढ्यातले हमाल, आणि चिकलठाणा एमआयडीसीतून तिसरी पाळी संपवून आलेले कामगार. कामगारांतले निम्मे तर पंख्याखाली झोप काढायलाच येत. इंग्रजी कुणालाच कळत नव्हते. तरीही एखाद्या रविवारी सगळे थिएटर हसून हसून लोटपोट होई आणि झोपलेलेही उठून बसत.

असाच एका रविवारी लागला होता 'दे कॉल मी ट्रिनिटी'. हा १९७० सालचा सिनेमा इटलीत तयार झाला. आमच्या वस्तीतली पोरे त्यातल्या जोडीला 'सुक्या आणि जाड्या' म्हणत. सुक्या म्हणजे टेरेन्स हिल आणि जाड्या म्हणजे बड स्पेन्सर. दोघेही अस्सल इटालियन. हिलचे खरे नाव मारियो जिरोत्ती आणि स्पेन्सरचे कार्लो पेदेरसोली. हा जाड्या तरुणपणी मोठा जलतरणपटू होता आणि १९५२ व १९५६ च्या ऑलिंपिकमध्ये आपल्या देशाकडून पोहला होता, हे आम्हांला फार पुढे कळले.

सिनेमाच्या सुरुवातीलाच नायक येतो तो घोड्यावर बसून नव्हे. घोड्यामागे बांधलेल्या झोळीवर तो उताणा झोपलेला असतो आणि घोडा त्याला ओढत नेतो. अंगावर धुळीने माखलेले फाटके कपडे. मग तो एका खाणावळीत शिरतो, घेवड्याच्या दाण्यांची उसळ अख्ख्या तव्यासकट पुढ्यात ओढतो आणि पावाने पुसून पुसून शेवटच्या दाण्यापर्यंत खातो. बाकीचे बघतच राहतात. त्या प्रसंगाला आमच्या पब्लिकने जी दाद दिली, तशी दाद आम्ही कुठल्या गाण्याला पाहिली नाही. भुकेला माणूस पोटभर जेवतो आहे, यात न कळण्यासारखे काय होते? त्याचा जाड भाऊ घोडेचोर असतो आणि फौजदाराचा बिल्ला लावून गावात फौजदारी करीत असतो. खोटा फौजदार खऱ्या साहेबापेक्षा बरा निघतो. आणि मारामारी कशी, तर बंदुकीपेक्षा थपडांची! गावच्या बड्या मेजरची माणसे, ज्यांना गरीब शेतकरी चळाचळा कापतात, ती एकेक थप्पड खाऊन भोवऱ्यासारखी फिरतात.

आता गंभीर वेस्टर्न सिनेमा कसा असतो ते पाहा. वेस्टर्न म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या, एकोणिसाव्या शतकातल्या गोष्टी. घोड्यावरचा बंदूकवाला गावात शिरतो, रस्ता ओस पडतो, खिडक्या बंद होतात, बायका लेकरांना पोटाशी धरतात. बघणाऱ्यालाही धाक बसतो. विनोदी वेस्टर्नमध्ये तोच घोडा, तीच बंदूक, तोच रस्ता असतो. पण ऐन वेळी बंदूक उडत नाही, पट्टा सुटून विजार खाली येते, घोडा मालकाला सोडून निघून जातो. ज्याला बघून छातीत धडकी भरायची त्यालाच बघून हसू फुटते. आमच्या मते या सिनेमांची सगळी गोडी इथे आहे. आणि ज्यांच्या वाडवडिलांनी घोड्यावरच्या माणसापुढे पिढ्यान्‌पिढ्या मान खाली घातली, त्यांना ही गोडी जरा जास्तच लागते.

कुणी म्हणेल, आपल्याकडे 'शोले' होताच की. होता, आणि आम्हांला तो तोंडपाठ होता. १५ ऑगस्ट १९७५ ला लागलेला हा सिनेमा आपला देशी वेस्टर्नच. तसेच डोंगर, तेच घोडे, तेच डाकू. त्यात हसूही भरपूर आहे. असरानीने केलेला जेलर चार्ली चॅप्लिनच्या हिटलरवरून बेतलेला. जगदीपचा सूरमा भोपाली आहे, पाण्याच्या टाकीवर चढलेला वीरू आहे. पण वाचकहो, एक गोष्ट तपासून पाहा. 'शोले'त आपण जेलरला हसतो, लाकूडवाल्याला हसतो, बडबड्या बसंतीला हसतो. ठाकूरला मात्र एकदाही हसत नाही. जमीनदार अखेरपर्यंत आदरणीयच राहतो. सिनेमा उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याचे हसू खालच्या पायरीवरच थांबते.

ते वर चढल्याचे उदाहरण आपल्या मातीत फार जुने आहे. तमाशातला सोंगाड्या काय करायचा? वगातल्या राजाला तो असे तिरपागडे प्रश्न विचारी की सिंहासनावरचा राजा वेंधळा ठरे. आणि तमाशा उभा केला तो बहुतांशी महार-मांग कलावंतांनीच. दिवसा ज्या पाटलापुढे जोहार घालायचा, त्याच्याच सोंगाची रात्री खिल्ली उडवायची. दादा कोंडके यांनी १९७१ मध्ये 'सोंगाड्या' काढला तेव्हा महाराष्ट्राने त्याला डोक्यावर घेतले, त्याची मुळे या मातीत होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशाने तर शृंगार बाजूला ठेवला आणि तेच हजरजबाबी बोलणे लोकांना जागे करायला वापरले. तेव्हा हसणे हे हलके काम आहे असे आपल्या माणसांनी कधीच मानले नव्हते.

लॉरेल आणि हार्डी यांच्या १९३७ च्या 'वे आऊट वेस्ट'चीही आम्हांला अशीच गंमत वाटते. हे दोघे भोळे गडी सोन्याच्या खाणीचा कागद एका पोरक्या मुलीच्या हाती द्यायला निघतात. ती मुलगी गुत्त्याच्या स्वयंपाकघरात राबते आहे. गुत्तेवाला भलतीच बाई पुढे करून कागद लाटतो. मग दोघे रात्री तो परत आणायला येतात. दोर, कप्पी आणि खेचर यांचा असा गोंधळ घालतात की पोट दुखते. पण आम्ही बी.कॉम. झालेले कारकून! आमची नजर त्या कागदावर. सातबारा एकाचा आणि वहिवाट दुसऱ्याची, अशी किती प्रकरणे आम्ही पाहिली! हसता हसता ती मुलगी आम्हांला आपल्यातलीच वाटते.

आता ज्या सिनेमासाठी हा लेख लिहायला घेतला त्याकडे येतो.

२०२० च्या टाळेबंदीत आम्ही सगळे घरी अडकलो होतो. आण्णांनी सत्तरी गाठली होती. टॉकीज बंद, बुद्धविहारातली वंदना बंद, त्यामुळे ते फार उदास असत. आमची थोरली मुलगी कॉलेजात शिकते. तिने एका रात्री लॅपटॉपवर 'ब्लेझिंग सॅडल्स' लावला. नावाचा अर्थ, पेटलेली खोगिरे. मेल ब्रूक्स या ज्यू दिग्दर्शकाचा हा सिनेमा फेब्रुवारी १९७४ मध्ये प्रदर्शित झाला. ज्या जमातीची लाखो माणसे हिटलरने मारली तिच्यात जन्मलेल्या या माणसाने १९६७ च्या 'द प्रोड्यूसर्स'मध्ये हिटलरचीच टर उडवली होती.

कथा अशी. रेल्वेचा रस्ता दलदलीमुळे एका गावावरून वळवायचा आहे. गाव उठवल्याशिवाय जमीन मिळणार नाही. मग राज्याचा एक धूर्त कारभारी युक्ती काढतो. रेल्वेच्या कामावरच्या एका काळ्या मजुराला तो त्या गावचा शेरीफ, म्हणजे फौजदार नेमतो. हेतू हा, की गोरे लोक एक तर त्याला मारतील, नाही तर चिडून गाव सोडतील. गाव स्वागताला सजलेले असते. बँड, पताका, भाषणे, सगळी तयारी. आणि नवा शेरीफ उमद्या घोड्यावर, नव्या कोऱ्या कपड्यांत, छातीवर बिल्ला लावून डौलात येतो. त्याचा रंग दिसताच बँड थांबतो. सरकारी हुकूम हातात असून सगळ्या गावच्या बंदुका त्याच्यावर रोखल्या जातात.

मुलगी आण्णांना एकेक वाक्य मराठीत सांगत होती. इथे आण्णांनी हात वर करून तिला थांबवले. आम्हांला वाटले, डोळे दुखत असतील. ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "मला बी उतरवलं व्हतं घोड्यावरून."

आम्ही चाळिशी ओलांडलेले, आयुष्यभर मोर्चे काढलेले, आणि हे आम्हांला ठाऊक नव्हते. माय मात्र खाली मान घालून बसली होती. तिला ठाऊक होते.

आण्णांचे लग्न १९७४ च्या उन्हाळ्यातले. पैठणच्या एका टांगेवाल्याने आपले घोडे दोन दिवसांसाठी दिले होते. वरात गावात शिरली. जुन्या वाड्यासमोर येताच चार-पाच जण काठ्या घेऊन आडवे झाले. म्हणाले, वाड्यापुढून बसून जायचे नाही. आपली वडीलधारी माणसे घाबरली, कारण दुसऱ्या दिवशी त्याच लोकांच्या रानात कामाला जायचे होते. आण्णा खाली उतरले आणि घोड्याचा लगाम धरून वाड्यापुढून पायी गेले. "पुढं गेल्यावर समदे म्हणले, बस आता. म्या न्हाई बसलो. तसाच चालत मांडवात गेलो." एवढे बोलून ते नातीला म्हणाले, "लाव पुढं. त्या काळ्या गड्याचं काय झालं ते तर बघू दे."

काळ्या गड्याने काय केले ते ऐका. शंभर बंदुका समोर, सुटायला जागा नाही. त्याने आपलेच पिस्तूल काढून आपल्याच डोक्याला लावले आणि दरडावणीच्या सुरात ओरडला की, कुणी हलले तर या काळ्याला ठार करीन! मग आवाज बदलून स्वतःच गयावया करू लागला. आणि ते बुद्धूंचे गाव खरोखरच घाबरले. बंदुका खाली टाकून त्यांनी वाट दिली. तो स्वतःच स्वतःला पकडून फौजदार कचेरीत गेला आणि दार लावून घेतले.

आण्णा हसले ते किती हसले! ठसका लागला, मायने पाणी दिले, तरी हसू थांबेना. "आरं, आम्हाला हे सुचलंच न्हाई," म्हणाले.

पुढचा आणखी एक प्रसंग सांगतो. एक म्हातारी भर रस्त्यात त्या शेरीफला जातीवाचक म्हणावी तशी शिवी देते. नंतर तो गावावरचे मोठे संकट टाळतो. मग तीच म्हातारी रात्री मागच्या खिडकीशी येते, घरी केलेला गोड पदार्थ देते, माफी मागते. जाता जाता पुन्हा वळून सांगते की, मी तुमच्याशी बोलले हे मात्र कुणाला सांगू नका. हे पाहून आम्हांला आमच्या चुलत वहिनी आठवल्या. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि गावोगाव आपली माणसे राखीव जागेवरून खुर्चीत बसली. वहिनीही तशाच २०१० साली सरपंच झाल्या. कार्यालयात खुर्ची देताना कुरकुर करणारी मंडळी रात्री कंदील घेऊन रहिवासी दाखल्यावर सही मागायला त्यांच्या दारात येत, आणि सकाळी पारावर ओळखही दाखवीत नसत. वहिनी म्हणत, "दिवसा मी त्यांच्या नजरेत भरत न्हाई, रातच्याला बरी दिसते!" पण दाखला त्यांनी कुणाचा अडवला नाही. कायद्याने दिलेला बिल्ला आणि गावाने दिलेला मान यांत किती अंतर असते, हे त्या सिनेमावाल्यांना हसता हसता दाखवता आले.

हे त्यांना जमले याचे एक कारण आहे. सिनेमा लिहिणाऱ्या मंडळींत रिचर्ड प्रायर हा काळा विनोदवीर होता. शेरीफची भूमिका त्यानेच करावी अशी ब्रूक्सची इच्छा होती, पण कंपनीने ते मानले नाही आणि भूमिका क्लीव्हन लिटल या दुसऱ्या काळ्या नटाकडे गेली. त्याने ती अजरामर केली. सिनेमात शिव्या भरपूर आहेत. पण हसू होते ते शिव्या देणाऱ्याचे, खाणाऱ्याचे नव्हे. शेवटी गाव वाचवायचे तर मजुरांची मदत लागते. शेरीफ अट घालतो की काळ्या, चिनी आणि आयरिश मजुरांना गावात जमीन मिळाली पाहिजे. जमिनीशिवाय मान नाही, हे या गमतीच्या सिनेमालाही कळते. वाळवंटात मध्येच एक टोलनाका उभा केला जातो आणि शंभर डाकू सुटे पैसे शोधत निमूट रांग लावतात, तेव्हा तर आमच्या घरात कुणीच जागेवर बसलेले नव्हते.

आणि हे सगळे निव्वळ कल्पनेचे नाही. गुरे हाकणाऱ्या खऱ्या काउबॉयांमध्ये साधारण चारांतला एक काळा होता, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. १८३८ मध्ये गुलामगिरीत जन्मलेला बास रीव्हज १८७५ मध्ये केंद्र सरकारचा उपमार्शल झाला आणि सुमारे तीस वर्षे त्याने भल्याभल्या गुन्हेगारांना पकडले. पण जुन्या सिनेमांच्या पडद्यावर घोड्यावर गोराच बसलेला. खरे होते ते पुसले गेले. आपल्याही इतिहासाचे असेच झाले नाही काय?

दोषही सांगितले पाहिजेत. ज्यांची ती मूळ जमीन, त्या आदिवासी इंडियन लोकांना या विनोदी सिनेमांतही न्याय मिळालेला नाही. 'ब्लेझिंग सॅडल्स'मध्ये त्यांच्या सरदाराचे सोंग खुद्द ब्रूक्सनेच रंग फासून घेतले आहे. बायकांची कामे बहुधा गुत्त्यात नाचण्यापुरती. काही विनोद आचरट आहेत. लहान मुलांपुढे लावण्याआधी मोठ्यांनी एकदा पाहून घ्यावे. आपले हिंदी-मराठी सिनेमेही तोतऱ्याला, जाड्याला, घरगड्याला हसवून पैसे कमावतात. म्हणून आमच्या घरी आता एक नियम झाला आहे. सिनेमा संपला की मुलांना विचारायचे, आज आपण कुणाला हसलो? दुबळ्याला हसलो असू तर ते खर्चाच्या बाजूला, माजलेल्याला हसलो असू तर जमेच्या.

आता शेवटची हकीकत. २०२२ च्या मे महिन्यात त्याच गावी वहिनींच्या मुलाचे लग्न होते. आण्णा हट्टाने आले. वरातीला घोडा होता, बँड होता, आणि आमच्यासारखे कार्यकर्ते मनातून थोडे धास्तावलेलेही होते. आजही देशात नवरदेवाला घोड्यावरून उतरवल्याच्या बातम्या येतातच. वरात जुन्या वाड्यापुढे आली आणि नेमका तिथेच घोडा थांबला. लगाम ओढा, चुचकारा, गूळ दाखवा, घोडे जागचे हलेना. बँडवाल्यांनी एकच गाणे तीनदा वाजवले. नवरदेव वर बसून घाम पुसतोय, पोरे खाली शिट्ट्या मारताहेत. वाड्याच्या ओट्यावर उभी असलेली माणसेही बघता बघता हसू लागली. त्यांतल्या एका तरुणाने बादलीभर पाणी आणून घोड्यापुढे ठेवले. घोडे पाणी प्याले आणि मग सावकाश चालू लागले.

आण्णा रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून हे बघत होते. टाळेबंदीतल्या त्या रात्रीसारखे त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. आम्ही जवळ गेलो तर म्हणाले, "धा मिनटं उभं व्हतं रे घोडं, वाड्याम्होरं. धा मिनटं! अन पोरगं वरच बसलेलं."